शेवंताबाईंचा कापूस

भूत, चकवा, बाधा... असलं काही मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. हे आधीच सांगते, म्हणजे खाली कमेंटमध्ये कोणी मला अंगारा सुचवायला नको.

मी ढाणकीची. वय पन्नाशीच्या पुढे. आधी चुलीचा धूर खाल्ला, मग घरच्या पीठ-मिरचीच्या चक्कीवर उभी राहिले. फुप्फुसं कायमची अधू झाली – सीओपीडी. डॉक्टर म्हणाले, पूर्ण बरं होणार नाही, पण व्यायामानं दम टिकवता येईल. म्हणून उमरखेडला एका फिजिओथेरपिस्ट मॅडमच्या वर्गाला एसटीनं जायला लागले. चालणं, पाण्याच्या बाटल्या उचलणं आणि मुख्य म्हणजे श्वास – नाकानं घ्यायचा, ओठांचा चंबू करून हळूहळू सोडायचा.

इथेच आम्हा बायकांची गोची. फुंकर म्हटली की आम्ही चूल पेटवतो – फू! फू! मॅडमनी समोर दिवा ठेवला. ज्योत वाकली पाहिजे, विझता कामा नये. पहिल्याच बाईनं विझवला. तशा वर्गातल्या माझ्या जोडीदार शेवंताबाई उठून उभ्या राहिल्या. "दिव्याले फुंकर मारत नाई, मॅडम! आमच्या घरात चालत नाई ते."

पुढच्या खेपेला त्यांनी वावरातला कापूस आणला आणि धाग्याला बांधून दाराच्या चौकटीत टांगला. "याले हलवा. पण हिसका नोका देऊ." तसाच एक मला घरी टांगायला दिला. वर्गात मी फू फू केलं की त्यांचा पाठीत धपाटा – "चूल नोको पेटवू वो! सोड... अजून सोड... घाई कायची हाये तुले?"

थंडीत शेवंताबाई न्यूमोनियानं गेल्या. मी वर्गाला जाणं सोडलं. नवरा म्हणाला, "झालं तेवढं बस झालं. आता खुर्चीवर बसून राह्य." मी बसलेही.

मग फेब्रुवारीतली ती दुपार. नवरा वावरात, लाइट गेलेली. शेजारी तुरीची मळणी चालू, म्हणून मी दारं-खिडक्या घट्ट लावून घेतलेल्या. तरी धूळ आत आलीच. स्वयंपाकघरात खोकल्याची उबळ आली, ती थांबेना. श्वासाच्या औषधाचा पंप पुढच्या खोलीत, पर्समध्ये. उठायला गेले आणि खालीच बसले. घाबरून फू फू फू सुरू... आत काहीच जाईना. वाटलं, संपलं.

तेव्हा पलीकडच्या दाराच्या चौकटीत मी टांगलेला कापूस हलला. झुलला नाही – हे नीट वाचा. कोणी फुंकर धरावी तसा हळूहळू एका बाजूला कलला, तिथेच राहिला... राहिला... मग खाली आला. जरा थांबून पुन्हा तसाच. माझी फुंकर तिथवर पोचणं शक्यच नव्हतं. मी त्याच्याबरोबर श्वास सोडू लागले. तो कलला की सोडायचा, खाली आला की घ्यायचा. छाती थोडी मोकळी झाली. भिंत धरत गेले, पंप घेतला. परत आले तर कापूस सरळ लोंबत होता.

संध्याकाळी धाकटी जाऊ आली, तिला सांगितलं. "ताई, फेका तो! मेलेल्या बाईची वस्तू घरात कायले ठेवता? भगताले दाखवू."

"भगत काय माझ्या फुप्फुसात शिरणार हाये का? त्यापेक्षा उद्या मले एसटी स्टँडवर सोडून दे."

नंतर मी सगळं करून पाहिलं. खिडकी उघडली की तो झोके घेतो, पंखा लावला की गरगरतो. कललेला राहत नाही. मॅडम म्हणाल्या, ऑक्सिजन कमी झाला की भास होतात. होत असतील. पण ज्या मेंदूला भास होत होता, त्यालाच फू फू सोडून बरोबर लय कुठून सुचली?

वर्ग पुन्हा सुरू आहे. कापूस मळलाय, तरी तिथेच आहे. रोज सकाळी त्याच्यासमोर उभी राहते आणि तो मी हलवते – माझ्या फुंकरीनं.

खुर्ची मात्र नवऱ्याला देऊन टाकली.