तुर्फोसा आत्या हजेरी मोजते

माझ्या तुर्फोसा आत्यासारखी बाई केनियातल्या आमच्या अख्ख्या सियाया जिल्ह्यात नाही, हे मी आज छातीठोकपणे सांगते!

तीन वर्षं ती सायकलवरून शाळाशाळांत हजेरी मोजत फिरतेय. आईबाप गेलेल्या पोरांना एक संस्था गणवेश देते, कारण गणवेश नसला की मास्तर दारातूनच परत पाठवतात. त्यानं पोरं शाळेत टिकतात का, हे बघायचं काम आत्याचं. प्रत्येक शाळेचा वार ठरलेला. आमच्या शाळेचा गुरुवार.

आणि आमच्या शाळेचे आकडे इतके वाईट! यादीतली निम्मी पोरं दर गुरुवारी गायब. संस्थेचे वेकेसासाहेब म्हणाले, उपयोग होत नाही, डिसेंबरपासून इथले गणवेश बंद. आत्या दोन दिवस धड जेवली नाही. यादीतली नावं तिनेच घरोघर फिरून लिहिलेली ना.

मग मागच्या गुरुवारी वर्गात तिला गणवेशाचा एक ओळखीचा स्वेटर दिसला. कोपराला लाल दोऱ्याची शिवण, तिनेच यादीतल्या अकेयोला घालून दिलेली. पण स्वेटरमध्ये होती अकेयोची चुलतबहीण अविनो! ती तर यादीतच नाही. आत्या तडक त्यांच्या आजीकडे. आजी चुलीवर मक्याच्या पिठाची उगाली ढवळत होती, तिनं मानही वर केली नाही.

"एका ताटात जेवतात दोघी. मग एकीनं शाळेत जायचं आणि दुसरीनं माझं तोंड बघत बसायचं होय? बुधवारपर्यंत अकेयो, पुढं अविनो. तीन वर्षं काय मोजत होतीस गं तू?"

एवढा टोमणा खाऊन आत्या नाचतच घरी आली! सोमवारी कुणालाही न विचारता ती पुन्हा शाळेत गेली. यादीतली सगळी पोरं हजर, एक तापानं पडलेला सोडून. मग गुरुवारी गायब असणाऱ्यांच्या घरोघर गेली. बहुतेक घरी हीच वाटणी.

काल मला सायकलवर मागे बसवून ती थेट संस्थेच्या ऑफिसात. तिनं सगळं सांगितल्यावर साहेब म्हणाले, ठरलेला वार सोडून घेतलेली हजेरी आम्ही धरत नाही.

आत्या शांतपणे म्हणाली, "साहेब, तुम्ही पोरगी मोजलीत. मी गणवेश मोजला. तो एकही दिवस घरी बसला नाही."

साहेब कागद उलटसुलट करत राहिले. शेवटी म्हणाले, बंद करायचं पत्र थांबवतो, पण पाचही वार मोजा, आणि अविनोसारख्या सगळ्यांची नावं लिहा.

"लिहिते की," आत्या म्हणाली, "पण मग सायकलीला नवे टायर तुमच्याकडून."