कोणतं हसू, सर?

सोनवणे सरांच्या मुलीचा, मेघनाचा फोन आला तेव्हा मी उधन्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होतो. “काका, पप्पा गेले,” ती म्हणाली. मी विचारलं, “कुठे?” इतका मूर्ख प्रश्न मी आयुष्यात कुणाला विचारला नसेल. दीड महिना होऊन गेला. सोनवणे सरांवर लिहायला बसलो की अजून तसंच होतं... नेमकं काय कळलंय आणि काय नाही, तेच कळत नाही.

गुजराती मुलखातल्या उधन्याच्या एका मराठी शाळेत आम्ही बरोबरीने नोकरी केली. ते इंग्रजी शिकवायचे, मी गणित. त्यांचे वडील अमळनेरकडून लूमवर कामाला आलेले, घरात अहिराणी. सरांच्या कानांवर इंग्रजी पडलीच नव्हती, पुस्तकातून डोळ्यांत गेली होती. नोकरीच्या पहिल्याच वर्षी एका प्रशिक्षणात त्यांनी ‘लाफ्टर’ हा शब्द ‘डॉटर’सारखा ‘लॉटर’ असा वाचला आणि अख्खा वर्ग हसला. दुसरा कुणी ते विसरून गेला असता. सर ग्रंथालयातून जाडजूड शब्दकोश घेऊन आले आणि आठवडाभराने मला म्हणाले, “सर, दोन्ही शब्दांच्या स्पेलिंगमधला तो ‘जीएच’ पूर्वी घशातून ‘ख’सारखा म्हणायचे. पुढे एकातला गप्प झाला, दुसऱ्यातला ‘फ’ झाला. इंग्रजांनाच ठरवता आलं नाही, तर मी कसं ठरवणार?”

तेव्हापासून त्यांना हसण्याच्या शब्दांचा नादच लागला. मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता सांगायचे. ‘गिगल’ म्हणजे मुलींचं तोंडावर हात धरून खिदळणं, शब्द त्या आवाजावरूनच आलेला. ‘गफॉ’ म्हणजे सातमजली हसणं, तो स्कॉटलंडकडचा. ‘चॉर्टल’ तर एका लेखकाने ‘चकल’ आणि नाकाने फुर्र करणारा ‘स्नॉर्ट’ जोडून घरीच शिवलेला. या ‘चकल’चं त्यांना फार नवल होतं. कोंबडीच्या आवाजावरून आलेला शब्द, आधी मोठ्याने हसणं असा अर्थ, आणि आता गालातल्या गालात. “एवढा आवाज गेला कुठे हो?” असं ते खरोखर काळजीने विचारायचे. माझं हसणं त्यांनी ‘स्निकर’मध्ये टाकलं होतं, म्हणजे दुसऱ्याची फजिती पाहून नाकातल्या नाकात. ते कौतुक होतं की टोमणा, हे विचारायचं राहूनच गेलं.

निवृत्तीनंतर दोन वर्षांनी त्यांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं अडखळू लागलं आणि हसणं सुरू झालं. कधीही, कशावरही. अमळनेरहून थोरले भाऊ गेल्याचा निरोप आला तेव्हा सर पाच मिनिटं खदाखदा हसत होते. भेटायला आलेले नातेवाईक दुखावून उठून गेले. शेजारचे गुजराती काका दारातून बघून म्हणाले, “साहेब तो मजामां छे!” साहेब तर मजेत आहेत म्हणे. सरांच्या पत्नी, निर्मलावहिनी आत जाऊन रडल्या. डॉक्टरांनी समजावलं, की मेंदूतली लगाम सुटली आहे, आत आनंद असेलच असं नाही. त्यानंतर पाहुणे आले की वहिनी सरांना आतल्या खोलीत बसवायच्या.

शेवटचा भेटलो ते त्याच खोलीत. मला पाहताच त्यांना हसू फुटलं, डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. मी धीर करून विचारलं, “सर, हे कोणतं?” ते थांबले. खूप वेळ ओठ हलवत राहिले, आणि म्हणाले, “नाव... नाही.” मग पुन्हा हसू लागले. मीही हसलो. माझं ते हसणं तरी खरं होतं का, मला सांगता येणार नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. दुपारचा चहा झाला तसा वहिनींनी फोन समोर धरला. मेघनाने सर जाण्याच्या आठवडाभर आधी काढलेला व्हिडिओ. पलंगावर सर, मांडीवर नात, ती त्यांची मिशी ओढतेय आणि सर हसताहेत. वहिनी रोज चहाच्या वेळी तो लावतात. त्या दिवशी तो त्यांनी दोनदा लावला आणि विचारलं, “भाऊजी, तुम्ही ओळखता त्यांना. हे आजाराचं की त्यांचं स्वतःचं?”

मी पडद्यावर डोळे लावून बसलो. नात मिशी ओढण्याआधी हसू सुरू झालं होतं की नंतर, तेही मला धड दिसलं नाही.

“त्यांचं,” मी म्हणालो.

वहिनींनी मान डोलावली आणि व्हिडिओ तिसऱ्यांदा लावला.