आत्या बाजूला बसते

माझी नोकरी म्हणजे लोकांना नको ते विचारणं. छोट्या दवाखान्यांत कॅन्सर लवकर कसा ओळखता येईल यावर एक संशोधन चालू आहे आणि त्यासाठी मी नाशिकमधले आणि पार चांदवडपर्यंतचे दवाखाने पालथे घालते. संशोधनाचं म्हणणं साधं आहे. माणूस आधी मोठ्या हॉस्पिटलात जात नाही, गल्लीतल्या डॉक्टरकडे जातो. त्या डॉक्टरने वेळेवर नेमकं विचारलं तर पुढचं बरंच टळतं. बायकांसाठी तर एका ओळीचा प्रश्न होता: पाळी कायमची गेल्यावर पुन्हा कधी रक्त दिसलं का? पन्नाशी ओलांडलेली बाई सर्दीसाठी आली तरी तिला हे विचारायचं.

पंचवटीतल्या एका डॉक्टरांनी ही ओळ वाचली आणि कागद पालथा ठेवला. "मॅडम, असलं विचारायला लागलो तर उद्यापासून इथे माशा मारत बसावं लागेल. बायका नवऱ्याबरोबर येतात. त्याच्यासमोर विचारू?" मी म्हटलं, त्याला बाहेर बसवा. ते हसले. ते हसणं आठवलं की आजही माझं डोकं फिरतं, कारण माझी आत्या वर्षानुवर्षं त्यांच्याकडेच औषध घेत होती.

आत्याचं घर त्यांच्या दवाखान्याच्याच आळीत. तिचे मिस्टर, म्हणजे काका, भिक्षुकी करतात. बाहेरगावचे यजमान श्राद्धपक्षाला येतात, विधी गंगेवर, म्हणजे गोदावरीच्या घाटावर होतात आणि जेवण घरी. लग्न झाल्यापासून ते जेवण आत्या करते, सोवळ्यात, उभ्याने. यजमान ढेकर देतात, स्वयंपाकाची तारीफ करतात आणि पाया काकांच्या पडतात.

एका दुपारी सहज गेले तर स्वयंपाकघरात शेजारची बाई लुडबुड करत होती आणि आत्या मागच्या खोलीत सतरंजीवर बसलेली. ताटवाटी वेगळी, तांब्या वेगळा. मी विचारलं, काय झालं गं? "बाजूला बसलेय," ती म्हणाली आणि चक्क लाजली. साठी उलटलेली बाई! हिची पाळी जाऊन एक तप होत आलं होतं. मला वाटलं थट्टा करतेय.

"अगं, दिवाळीपासून येतंय मधूनमधून," ती म्हणाली. "मग बसते चार दिवस."

मी विचारलं, "डॉक्टरांना सांगितलंस?"

"अशक्तपणा सांगितला. टॉनिक दिलंय त्यांनी. बाकीचं कसं सांगणार, हे शेजारीच बसलेले असतात."

काकांचं तर आणखीच पुढचं. आधी म्हणे त्यांची चिडचिड झाली, ऐन श्राद्धाच्या दिवशी स्वयंपाकाला बाई शोधावी लागते म्हणून. मग त्याचं कौतुक सुरू झालं. "देवीची कृपा. तुझी आत्या अजून तरुण आहे," असं त्यांनी मला पान चघळत सांगितलं. तिने कशाला हात लावायचा नाही, कुठे झोपायचं, कधी नहायचं, सगळं त्या घरात काटेकोर पाळलं जात होतं. हे रक्त येतंय कुठून, एवढंच तेवढं कुणाच्या मनात आलं नाही.

आत्याच्याही नाही. उलट ती खूश होती. "खरं सांगू? आयुष्यात पहिल्यांदा पाय पसरून बसायला मिळतंय. ताट समोर येतं. तू उगाच बोंबाबोंब करू नकोस." मला तिचाही भयंकर राग आला. मरणाला माहेरपण समजून बसली होती ही बाई.

बोंबाबोंब मी केलीच. तुमच्या सोवळ्याला आग लागो, असं काकांना तोंडावर म्हटलं आणि आत्याला रिक्षात घालून मोठ्या हॉस्पिटलात नेलं. काका मागून स्कूटरवर आले. तिथल्या डॉक्टरबाईंनी काकांना बाहेर बसवलं आणि पहिला प्रश्न तोच विचारला, तो एका ओळीचा. आत्याने लगेच हो म्हटलं. विचारलं तर सांगणारच होती ती.

गर्भाशयाचा कॅन्सर निघाला. पोटात इतरत्र पसरलेला. ऑपरेशनची वेळ निघून गेली होती. रेडिएशनने रक्त थांबेल, दुखणं कमी होईल, त्यापुढे काही नाही. हे सगळं डॉक्टरबाईंनी काकांना माझ्यादेखत सांगितलं आणि वर बजावलं, "पुन्हा रक्त दिसलं तर एक क्षण घरी थांबू नका. असतील तशा घेऊन या." काकांनी मान डोलावली. आत्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, हे त्यांनी परस्पर ठरवून टाकलं.

मधल्या काळात ते गल्लीतले डॉक्टर मला रस्त्यात भेटले. "वेळेवर नेलंत हो मॅडम," म्हणाले. मी म्हटलं, नाही, वेळ गेल्यावर नेलं. त्यावर त्यांनी मला खूश करायला सांगितलं की तुमचा तो प्रश्न ते आता विचारतात. "मिस्टरांना विचारतो. म्हणजे कुणाला अवघडायला होत नाही."

रेडिएशन संपलं, रक्त थांबलं आणि काकांच्या लेखी आत्या बरी झाली. रक्त नाही म्हणजे विटाळ नाही, आणि विटाळ नाही म्हणजे स्वयंपाकाला उभं राहायला हरकत नाही. मी गेले तेव्हा ती एका हाताने ओट्याची कड धरून दुसऱ्या हाताने पुरण ढवळत होती. मनगटाचं नुसतं हाड राहिलं होतं. बाहेर यजमानांची पंगत खोळंबली होती.

मला पाहून तिने गॅस बारीक केला. "मला झालंय काय नेमकं? तू खोटं बोलणारी नाहीस."

मी सांगितलं. रक्त थांबलंय, रोग थांबलेला नाही, आणि आता तो जाणार नाही. मी रडत होते. ती रडली नाही.

"परत रक्त दिसलं तर?"

"तर असशील तशी हॉस्पिटलात न्यायचं. डॉक्टरबाईंनी काकांना बजावून सांगितलंय."

"म्हणजे यांना सगळं माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

बाहेरून काकांनी हाक मारली, "झालं का गं? पानं मांडू?"

आत्याने माझा हात घट्ट दाबला, गप्प राहा म्हणून. मग मोठ्याने म्हणाली, "अहो, मला परत रक्त दिसलंय." तसं काही झालेलं नव्हतं.

काका धावत आले आणि दारातच थबकले. त्यांनी आत्याकडे पाहिलं, मग गॅसवरच्या पातेल्याकडे.

"केव्हा दिसलं?" त्यांनी विचारलं. "पुरणाला हात लागायच्या आधी की नंतर?"