बंदुका जमा करायचा दिवस

लोकशाहीत शस्त्रापेक्षा मत मोठं असतं. नव्वदच्या आसपास आमच्या मीरा-भाईंदरमध्ये हे तत्त्व दर निवडणुकीला पोलीस चौकीच्या आवारात पाळलं जाई. परवानेवाल्यांनी बंदुका जमा करायच्या आणि निकालानंतर परत न्यायच्या. माझ्या मामाला मात्र त्या रांगेत जुन्या मालाचा बाजार दिसला.

मीरा रोडचा एक सोनार मामाला पहारेकरी ठेवायला तयार होता, पण स्वतःची बंदूक असेल तरच. परवाना मिळाला होता. त्यावर बंदूक घ्यायची मुदत एकदा वाढवून झाली होती आणि महिनाअखेरीला संपत होती. दुकानातली नवी बंदूक परवडत नव्हती.

रांगेत बहुतेक मुर्धा-राईकडचे म्हातारे होते. भातातली डुकरं हाकायला घेतलेल्या बंदुका. शेतं बिल्डरकडे गेली, बंदुका घरात राहिल्या. कुणी चादरीत गुंडाळून आणलेली, कुणी बायकोच्या जुन्या लुगड्यात. मामा एकेक सोडायला लावी, नळीत डोळा घाली, नाक मुरडून पुढे जाई. मी हवालदाराकडे बघत उभा.

शेवटी एका म्हाताऱ्याची दुनळी मामाला आवडली. भाव दुकानाच्या निम्म्याहून कमी. तिथेच हस्तांतराचा अर्ज द्यायचा, की काम झालं. मी मामाला कोपरानं ढोसलं. मामा म्हणाला, "बाबा, नळीला गंज आहे. अजून थोडं कमी करा."

"गंज मलापन हाय," म्हातारा म्हणाला. "बंदूक घ्यायची हाय का मेथीची जुडी?"

मामानं मग भाजीबाजारातला हुकमी डाव टाकला. माझा दंड धरून तो फाटकाकडे चालू लागला. मागे बघू नकोस, हाक मारतोच बघ, असं पुटपुटत. मी कान मागे लावून चालत होतो. फाटक आलं, हाक आली नाही. वळून पाहिलं तर म्हाताऱ्याचा नंबर लागला होता आणि दुनळी चिठ्ठी बांधून आत चालली होती.

मामा धावला. जमा झालेलं हत्यार निकालापर्यंत बाहेर येत नाही, हवालदारानं सांगितलं, आणि मामाला काय जमा करायचंय ते विचारलं.

निकाल लागेपर्यंत मामाची मुदत संपली. सोनारानं तरीही त्याला ठेवून घेतलं, कमी पगारावर, आणि एक शिट्टी दिली. शिट्टी फुकट होती.