दत्तूचा बांध चुकला नव्हता

आमच्या फाट्यावर नगरची सकाळची एस.टी. थांबते ती नुसती थांबल्यासारखी करते. उतरणाऱ्याने आधी पिशवी खाली टाकायची आणि मग स्वतः उडी मारायची, असा इथला रिवाज. त्या दिवशी मात्र गाडी थांबली, इंजिन बंद झालं आणि कंडक्टर स्वतः उतरून शाळेच्या पडवीपर्यंत चालत आला. तिसरीची पोरं सतराचा पाढा म्हणत होती. "बाई, नगरहून निरोप हाय. साहेब गेले. पहाटं छातीत कळ आली, दवाखान्यापत्तुर बी पोचले न्हाईत." मी विचारलं, "कुठले साहेब?" ... खरं तर मला कळलं होतं. आमच्या भागात नुसतं 'साहेब' म्हटलं की एकच माणूस. तरी मी विचारलं, कारण उत्तर येईपर्यंत तेवढा वेळ तरी भाऊ जिवंत राहणार होता. कंडक्टर खाली बघत म्हणाला, "तुमचे." जामखेडला जाऊन गाडी लगेच माघारी फिरेल, तुम्ही तयार राहा, असं सांगून तो गेला. पोरं पाढा म्हणतच होती. त्यांना थांबवायचं मी विसरले.

दत्तू माझा पाठचा भाऊ, चार वर्षांनी लहान. जगासाठी तो राज्याच्या कृषी खात्यातला मोठा अधिकारी, कोरडवाहू तालुक्यांची माती धरून ठेवणारा माणूस. तो गेला तेव्हा आमचं बोलणं बंद होऊन वर्ष होत आलं होतं. बोलणं बंद होतं असं म्हणते, पण बंद मी केलं होतं. त्याच्या शोकसभेला मी मागच्या रांगेत बसले होते. वक्ते भरभरून बोलले. शेवटचे गृहस्थ फार मायेने म्हणाले, "जामखेडकडचा तो बांध त्यांच्या हातून चुकला, पण चूक कोणाच्या हातून होत नाही?" सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली ... आणि घरी येऊन रात्रंदिवस स्वतःला शिव्या घातल्या. दीड महिना झाला, आता मात्र हे लिहिल्याशिवाय घास गिळवत नाही. तो बांध दत्तूच्या हातून चुकला नव्हता. तो मी फोडला होता.

आम्ही मूळचे कोल्हारचे. प्रवरेला पूर आला की गावची पोरं वाहून आलेली लाकडं धरायला धावायची आणि हा येडा काठावर उभा राहून गढूळ पाणी बघत बसायचा. "अक्का, एवढी माती कुनाच्या रानातनं आली असंल गं?" मी म्हणायचे, "तुझ्या सासऱ्याच्या." पुढे तो शेतकी कॉलेजात गेला, खात्यात लागला, चढत चढत पुण्याच्या मोठ्या कचेरीत पोचला, पण त्याचा हा प्रश्न काही सुटला नाही. नदीकाठच्या बागायती गावचा मुलगा, त्याने बदल्या मागून घेतल्या त्या सगळ्या कोरड्या तालुक्यांत. पेरलेल्या रानात तो चप्पल घालून कधी गेला नाही. बरोबरच्या इंजिनिअरांनाही बूट काढायला लावायचा, आणि काटे मोडले की ते बिचारे मनातल्या मनात त्याच्या नावाने खडे फोडायचे. मी लग्न होऊन जामखेडच्या बाजूला आले, यजमान लवकर गेले, शाळेची नोकरी आणि सहा एकर रान एवढ्यावर मी उभी राहिले. कामासाठी इकडे आला की दत्तू माझ्याकडेच उतरायचा. चुलीपुढे बसून गरम भाकरी खायचा आणि माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा.

बहात्तरचा दुष्काळ आला तेव्हा गावंच्या गावं खडी फोडायला बसली. रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग आणि ढिगामागे बायाबापड्या. दत्तू पुण्याच्या बैठकीत उभा राहिला आणि म्हणाला, एवढे हात पुन्हा कधी एका जागी मिळायचे नाहीत, त्यांना दगड कशाला फोडायला लावता, शेताला बांध घालू द्या. मोठ्यामोठ्यांशी वाईटपणा घेतला, पण पटवून दिलं. मग स्वतःच हट्टाने जिल्ह्यात येऊन राहिला. त्या वर्षी आमच्या भागात जे बांध झाले, त्यातल्या कितीतरी बांधांची रेघ त्याने स्वतः दुर्बीण लावून, चुन्याची फक्की टाकून आखलेली आहे. माणसं हातातलं काम सोडून बघत राहायची, एवढा मोठा साहेब आणि मुठीमुठीने फक्की टाकत चाललाय.

ती रेघ माझ्या रानात आली आणि आमचं बिनसलं. पाणी ज्या पातळीने थांबेल त्या पातळीने बांध जाणार, म्हणजे माझ्या रानाच्या मधोमध तिरपा, अगदी चांगल्या काळ्या पट्ट्यातून. मी म्हटलं, "शीवेवरून ने की. माझं नि किसनचं रान जिथं मिळतं तिथून." किसन हा माझा खालच्या बाजूचा शेजारी, तीन एकराचा धनी. दत्तू म्हणाला, "अक्का, पाणी सात-बारा वाचत नाही." मी आधी समजुतीने सांगितलं, मग रडले, मग भांडले. तो म्हणाला, "सगळा गाव बघतोय. तुझ्यासाठी रेघ वाकवली तर उद्या कुठल्या तोंडानं दुसऱ्याच्या रानात जाऊ? आपला तो बाब्या करून चालायचं नाही." मी मास्तरीण. आपला शब्द खाली पडलेला मला सोसत नाही, ही माझी जन्माची खोड. शंभर माणसांदेखत मी त्याला म्हटलं, "आजपासून माझ्या दारात पाऊल टाकू नकोस." त्याने फक्कीची पाटी उचलली आणि रेघ पुढे नेली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस झाला. दोन वर्षांनी माझ्या रानात बाजरी उभी होती, पोटरीला आलेली. आषाढात एकदा असा कोसळला की बांधाच्या वरच्या अंगाला गुडघाभर पाणी साचलं आणि बाजरी पिवळी पडायला लागली. दत्तूने गावाला बजावून ठेवलेलं होतं, की पाणी तीन दिवस दिसेल, कळ काढा, ते जिरेल आणि जास्तीचं टोकाच्या दगडी सांडव्यातून निघून जाईल, पण बांधाला हात लावू नका. मी दोन दिवस कळ काढली. तिसऱ्या दिवशी दुपारी भर पावसात खोरं घेऊन गेले आणि बांधाला हातभर वाट केली. हातभरच, मनात तसंच होतं. पाणी खळखळ निघालं तेव्हा मला बरं वाटलं, हे लपवत नाही. संध्याकाळी बघते तर तिथून बैलगाडी गेली असती, आणि खाली किसनच्या रानातली माती पार धुऊन मुरूम उघडा पडला होता. दोन वर्षं उपाशी काढलेल्या माणसाची सगळी उभी पेर ओढ्याला गेली होती.

दत्तू दुसऱ्या दिवशी जीपने आला. अनवाणी चिखलातून चालत खिंडारापाशी गेला, वाकून दोन्ही कडा बघितल्या, आणि मग माझ्याकडे आला. मला वाटलं, आता चारचौघांत विचारणार. त्याने हळूच एवढंच विचारलं, "अक्का, बाजरी वाचली का?" मी म्हटलं, "वाचली." ... आमच्या दोघांतलं हे शेवटचं बोलणं.

सरकारी बांध फुटला, गरिबाचं रान वाहून गेलं, अशी बोंब झाली. वरून चौकशी आली. त्या चौकशीत माझ्या भावाने स्वतःच्या सहीने लिहून दिलं, की सांडव्याची जागा ठरवण्यात माझी चूक झाली, दोष दुसऱ्या कोणाचा नाही. सबंध राज्याचं मृदसंधारणाचं काम त्याच्या हाती यायचं होतं, ते दुसऱ्याकडे गेलं. त्याला नगरच्या कचेरीत कागदांपुढे बसवलं. पुढच्या बैठकांत कोणी बांधाचं नाव काढलं की लोक म्हणायचे, ज्यांना स्वतःच्या बहिणीच्या रानातला बांध घालता आला नाही ... आणि मी? मी करून सवरून नामानिराळी. गावाने विचारलं तर म्हणायचे, "काय की बाई, पाणीच फार होतं." एक पत्र लिहिलं असतं, एक एस.टी. धरली असती. रोज म्हणायचे, उद्या जाऊ. खात्याला मी आता सगळं खरं लिहून धाडलं आहे. त्याचा त्याला काय उपयोग, ते मला माहीत आहे.

चौदावा झाल्यावर वहिनीने मला बाजूला घेतलं. दत्तूला डॉक्टरांनी ओझं उचलू नका म्हणून सांगितलं होतं, आणि हा दर रविवारी 'कामावर जातो' म्हणून बाहेर पडायचा, संध्याकाळी मातीने भरून यायचा. "वन्सं, कुठं जायचे ते तुम्हाला ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. मी गावी परतले आणि पहिली किसनच्या वस्तीवर गेले. वर्षभर गिळलेलं वाक्य त्याच्यापुढे बोलले, "किसन, बांध मी फोडला."

किसन बैलांना पाणी दाखवत होता. बादली खाली ठेवून म्हणाला, "ठावं हाय बाई. मी गोठ्यात उभा हुतो. खोरं तुमच्या हातात हुतं."

"मग बोलला का नाहीस?"

"बोललो की. सायबांपाशी बोललो. ते म्हनले, तुझं रान मी भरून देतो, पन बाईचं नाव तोंडातनं काढू नगंस." किसनने डोळे पुसले. "शिमग्याला गावचं तळं आटलं, तवापासनं दर आयतवारी यायचे. अलीकडच्या फाट्यावर उतरायचे. माझीच बैलगाडी, माझंच खोरं. डोक्याला टॉवेल गुंडाळून तळ्यातला गाळ भरायचे आन ह्या मुरमावर पसरायचे. लई म्हनलं, साहेब, गडी लावू. न्हाई म्हनले. ह्या बघा, इतभर माती झालीया."

मी बघितलं. काळी, भुसभुशीत, नांगरून तयार केलेली माती. मी विचारलं, "माझ्याकडे यावंसं वाटलं नाही त्याला?"

"मी म्हनायचो, बाईकडं जाऊन या. तर म्हनायचे, तिनं यिऊ नगंस म्हनून सांगितलंय, ती बोलवंल तवा जाईन." मग किसनने शीवेवरच्या जुन्या बोरीकडे हात केला. "जेवाया तितं बसायचे. ह्या लिंबाखाली दाट सावली हाय, मी म्हनायचो हिकडं बसा. न्हाई. तितंच."

मी त्या बोरीखाली जाऊन बसले. सावली कसली, अर्धं अंग उन्हातच. अशा जागी चैत्र-वैशाखातल्या दुपारी कोणी का बसावं, म्हणून समोर बघितलं. समोर माझं घर होतं. दार, दारापुढचा ओटा, ओट्याच्या फरश्यासुद्धा मोजता येतील इतकं लख्ख. रविवारी शाळा नसते. रविवारी दुपारी मी त्या ओट्यावर सूप घेऊन धान्य निवडत बसते. म्हणजे शिमग्यापासून दर रविवारी, भाकरी खाताना, मी त्याला दिसत होते ... आणि किसनच्या उजाड रानाकडे बघायचं धाडस होत नव्हतं, म्हणून इतक्या रविवारांत मी एकदाही मान वर केली नाही.