अंधारातला हात

दोन हजार चार-पाचच्या सुमारास भिवंडीत लोडशेडिंग फार. लाइट गेली की गल्लीतले सगळे लूम एकदम थांबायचे आणि त्या शांततेनेच मला रडू फुटायचं. एकदा अशा वेळी वडिलांनी माझा हात घट्ट धरला होता. ते लवकर गेले. त्यांच्या माझ्याजवळ दोनच आठवणी, त्यातली ही एक.

परवा आई सहज म्हणाली, "ते कुठले? त्यांची ड्युटी होती पडघ्याला. शेजारचे काका होते ते."

कशाला सांगितलंस, म्हणून मी भडकले. आता आठवायला गेले की तो हात काकांचाच असतो, त्यांची अंगठीही टोचते. आधी अंगठी नव्हती, शपथ! भीती वाटते.

दुसरी आठवण मी आईला सांगितलेली नाही.