काकांनी मागितलेली नक्कल

आमचे काका फरशी बसवतात. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर जागची हलत नाही. पाठदुखीसाठी घेतलेल्या गोळ्यांची मात्र त्यांना सवय जडली. डॉक्टरांनी त्या बंद केल्या, त्याचा चौथा दिवस होता. नाक वाहत होतं, जांभया थांबत नव्हत्या, उकाड्यातही अंगावर काटा येत होता.

मी सगळ्यांच्या नकला करते, म्हणून काका मला रेडिओ म्हणतात. काकू आंघोळीला गेल्या तसे ते माझ्या कानाशी कुजबुजले, "ए रेडिओ, डॉक्टरांचा आवाज काढतेस ना? औषधवाल्याला फोन लाव. म्हणावं, माझ्या पेशंटला त्या गोळ्यांचं एक पाकीट द्या."

नकलेची फर्माईश म्हटल्यावर मी कशाला थांबते! सराव म्हणून आधी काकांवरच सुरू झाले. नाकात बोलले, "हं, काय म्हणतात पेशंट? झोप लागते का?"

काका एकदम सावरून बसले.

"नाही, डॉक्टर. पाय जागेवर राहत नाहीत. आणि आज... आज पुतणीला खोटं बोलायला सांगितलं."

माझा डॉक्टरांचा आवाज तिथेच बसला. मी तर हौसेने तयार झाले होते.

"खऱ्या डॉक्टरांना लाव," काका भिंतीकडे तोंड करून म्हणाले. "मीच सांगतो त्यांना."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हातात दिला. त्यांचे कान लालबुंद झाले होते. माझेही तापले होते.